बसून घेतलेलं माप

प्रिय ठेकेदारीणबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी ठीक आहे, दुकान ठीक आहे, रात्री गॅस बंद करतो, गोळ्या वेळेवर घेतो. फोन असताना हा माणूस पत्र लिहायला का बसला, असं तुझ्या मनात आलंच असेल. ते सांगतो, पण आधी चष्मा लाव आणि खुर्चीत नीट टेकून बस, कारण ही बातमी उभ्याने वाचण्यातली नाही. आपल्या घरात ड्रम आलाय. एक नव्हे, अख्खा संच. पायाने वाजवायचा एक मोठा, मांडीशी येणारा एक चपटा, एक मोठ्याच्या डोक्यावर बसवलेला, एक शेजारी तीन पायांवर उभा, आणि दांड्यांवर अडकवलेल्या पितळी झांजा. जेवणाचं टेबल मी भिंतीला लावलंय, तू जन्मभर नावं ठेवलेलं ते कोपऱ्यातलं कपाट दुकानात हलवलंय, आणि खिडकीपुढची सगळी जागा त्याने घेतलीय. थांब, लगेच लेकीला हाक मारून बाबांचं डोकं फिरलं म्हणू नकोस. पैशाचंही विचारू नकोस, ते समोर आलीस की सांगीन. ड्रम तुझ्यासाठी आहे. मी फक्त एकदा काठी हातात घेतली, तर वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई खाली येऊन विचारून गेल्या, काही पडलं का म्हणून.

तुला स्वतःला कदाचित कल्पना नसेल, पण तू घरात असलीस की घर कधी गप्प नसायचं. भांड्यांची झाकणं, खिडकीची चौकट, डबे, माझी पाठ, काही म्हणजे काही सुटलं नाही तुझ्या बोटांतून. मी वाकून कुणाच्या तरी पँटची घडी बसवत असायचो आणि तू मागून जाता जाता खांद्यावर एक तुकडा वाजवून जायचीस. मी ओरडायचो, टाचणी टोचेल म्हणून. ओरडणं खोटं होतं हे तुलाही ठाऊक होतं. पोस्टात खिडकीवर बसायचीस तेव्हा तर कहर. शिक्के मारताना पाकिटांवर दोन हलके, एक जोरात, मग शाईच्या गादीवर एक, की परत दोन हलके. शेजारची खिडकी रिकामी असली तरी लोक तुझ्याच रांगेत उभे राहायचे आणि पायाने ताल धरायचे. तुमच्या पोस्टमास्तरांनीच तुला ठेकेदारीण हे नाव दिलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आणि मुळात आपली ओळख कशी झाली? कोट शिवायला आली होतीस. मी माप घेतोय आणि तुझी बोटं आपली मांडीवर चाललीयत. स्थिर उभ्या राहा म्हटलं तर म्हणालीस, कॉलेजच्या वाद्यवृंदातला ड्रमवाला आजारी पडला म्हणून वर्षभर मीच वाजवला, तेव्हापासून हात ऐकत नाहीत. त्या कोटाची एक बाही अर्धा बोट लांब झाली. माझ्या हातून तेवढी एकच चूक झाली आणि तिच्याशी मी लग्न केलं.

मग वाचनालयाच्या ओल्या पायरीवरून तू घसरलीस आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर घातलं, लेक आली, तुला घेऊन गेली. त्यात तिचं काही चुकलं नाही. मला तुझी वेणी घालता येत नव्हती हे खरंच आहे, माझी वेणी म्हणजे गाठ मारलेली दोरी. तिकडे लिफ्ट आहे, नात आहे, जावई चहा करून देतो, सगळी सोय आहे. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, आणि मला वाटलं आता चार दिवसांत स्वारी घरी. पण तू फोनवर म्हणायला लागलीस की मूठ नीट वळत नाही, चेंडू दाबून कंटाळा आला, हा हात आता काही कामाचा नाही. मग म्हणालीस, उन्हाळा इथेच काढते, पुढचं पुढे बघू. हे पुढचं पुढे मला अजिबात आवडलं नाही. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी तू फोनवर बोलताना नखं फोनवर टकटक वाजायची, मी कितीदा चिडलोय त्यावरून. आता नुसता तुझा आवाज येतो, मागे काहीच नाही. फोन ठेवला की मला फ्रिजचा आवाज ऐकू येतो. एका रविवारी मी स्वतःच टेबलावर बोटं वाजवून बघितली. अगं, इतकं बेताल की मलाच लाज वाटली. त्याच दिवशी मी ठरवलं की या हाताला चेंडू नको, दुसरं काहीतरी हवं, आणि ते या घरात हवं.

पुलापलीकडे सिनेमाच्या मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान आहे, आठवतं का? मी तिथल्या एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेलो आणि परत येताना आत शिरलो. मालक उंच, सडपातळ, केसांची मागे शेपटी बांधलेली. मी त्याला शेपटीवालाच म्हणतो, त्यालाही चालतं. म्हटलं, एक चांगला ड्रम दाखवा. मला वाटलं कापड दाखवतात तसा तो भराभर उलगडून दाखवेल. पण हा पठ्ठ्या दाखवायच्या आधी विचारतच सुटला. वाजवणार कोण, वय काय, कुठे वाजवणार, खोली केवढी, खाली-वर कोण राहतं, काय वाजवायला आवडतं. काय आवडतं याचं उत्तर मी दिलं, सगळं, झाकणापासून पाकिटापर्यंत. तो हसला आणि मग रांगेने दाखवायला लागला. पहिला होता लाल, चमकता, गाडीसारखा, त्याला इतके ड्रम जोडलेले की वाजवणारा मागे दिसणारही नाही. मी तर हरखलोच. तो म्हणाला हा स्टेजवरचा आहे, एवढ्या मोठ्या ढोलाला पायाचा जोर लागतो, आणि तुमच्या खोलीत हा वाजला तर चित्रं भिंतीवरून उतरतील. मग त्याने विजेवर चालणारा दाखवला. सपाट रबरी ताटल्या, कानाला यंत्र लावायचं, आवाज फक्त वाजवणाऱ्याला. फ्लॅटमध्ये राहणारे बहुतेक हाच नेतात म्हणाला, शेजारी खूश, बायको खूश. मी म्हटलं, अहो, बायकोच वाजवणार आहे. आणि तिने कानाला लावून एकटीनेच ऐकायचं, मग मला काय? नुसती रबरावरची टपटप? मला तो आवाज घरात हवा आहे हो. तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला.

तिथे हा होता. वापरलेला, लहान, जुन्या लाकडी दारासारख्या रंगाचा, एका कडेला थोडा चरा गेलेला. एक बाई वाजवायच्या म्हणे, हॉटेलातल्या लहान वाद्यवृंदात, त्यांनी मोठा घेतला म्हणून हा विकायला ठेवला. मोठा ढोलसुद्धा लहानखुरा, आपल्या पिठाच्या पिंपापेक्षा थोडाच रुंद. शेपटीवाल्याने नुसतं पायाने एकदा दाबलं. गोल, मऊ आवाज आला, छातीवर हात ठेवल्यासारखा. मला तिथेच कळलं की हाच. पण मी शिंपी माणूस, नुसतं आवडलं म्हणून भागत नाही, अंगाला बसायला हवं. शेपटीवाल्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, आणि मी खिशातून टेप काढली. तुझं माप मला कुठे बघावं लागतं? खांदा, पाठ, बाही, कोपरापासून मनगट, झोपेतून उठवून विचार. मी सगळे स्क्रू सैल केले, आणि तुझं कोपर जिथे येतं तिथे मधला चपटा ड्रम आणला, झांजा तुझ्या खांद्याच्या रेषेत, तिसरा कमरेला. ढोलापुढे एक गोल स्टूल मध्येच येत होतं, मला वाटलं दुकानदाराचं बसायचं असेल, म्हणून ते अदबीने बाजूला नेऊन भिंतीशी ठेवलं. मग दोन पावलं मागे सरून बघितलं. काय सुंदर बसलं होतं म्हणून सांगू, कुठे झोळ नाही, कुठे ओढ नाही.

शेपटीवाला आत आला, दाराशीच थांबला. ड्रमकडे बघितलं, भिंतीशी ठेवलेल्या स्टुलाकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या टेपेकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "मास्तर, ड्रम बसून वाजवतात." आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना, शेवटी बिचाऱ्याने तेच स्टूल ओढून घेतलं आणि बसून हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय. उभ्या आयुष्यात मी माणसाचं माप उभ्यानेच घेतलंय, गिऱ्हाईक बसलेलं असताना कधी टेप लावली नाही. तो म्हणाला, बसल्यावर गुडघ्यापासून जमीन किती, मांडी केवढी, हात पुढे किती पोचतो, हे सांगा, कारण सगळ्यात आधी स्टूल ठरतं, मग पाय, मग बाकीचं त्याच्याभोवती. कपड्याचं माप अंगावरून निघतं, याचं बुडाखालून. आणि मला एकही आकडा सांगता येईना. इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसतेस, जेवतेस, पेपर वाचतेस, भांडतेस, आणि बसलेल्या तुझं मला काही माहीत नाही. फोन करून विचारावं तर तू मुळापासून सगळं काढून घेतलं असतंस. मी तसाच तोंड पाडून घरी आलो.

घरी येऊन चहा टाकला, आणि माझ्या मशीनसमोर नजर गेली. ते बुटकं स्टूल! पायमशीनवर काज-बटणं करायला तू बसायचीस, पाय टेकत नाहीत म्हणून कुरकुरायचीस, तेव्हा मी त्याचे पाय थोडे थोडे कापत गेलो होतो, तुझी टाच आणि चवडा दोन्ही पायपट्टीवर बसेपर्यंत. मग मापं घेऊन ठेवलेली होती की, लाकडात! चहा तसाच ठेवला, स्टूल काखोटीला मारलं आणि निघालो. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, काका, आत जागा आहे, स्वतःचं आणायची गरज नव्हती. सगळी बस हसली. मी म्हटलं, जागा माझी नाही, बायकोची आहे, आणि पूर्ण रस्ताभर उभा राहिलो, त्याच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

शेपटीवाल्याने स्टूल बघितलं आणि खरं सांगतो, त्याने मला टोपी नसताना टोपी काढून दाखवली. स्टूल ढोलापुढे ठेवलं. पण बसणार कोण? मी बसलो तर गुडघे कानाला लागले, तो बसला तर त्याहून वाईट. मग मला वाटलं, नजर कशाला आहे. मी दुकानाबाहेर आलो आणि फुटपाथवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची उंची जोखायला लागलो. या वयात मार खायची वेळ आली असती. सुदैवाने शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली बाई काच पुसायला बाहेर आली आणि मी ओरडलोच, सापडली! तोच खांदा, तीच बसकी बांधणी, हात तेवढेच. तिला वाटलं मी चष्मा हरवलेलं गिऱ्हाईक आहे. शेपटीवाल्याने समजावलं, मी हात जोडले, आणि ती आली, पुसायचं फडकं हातात घेऊनच. बसली. आम्ही दोघं गुडघे टेकून तिच्याभोवती, तो पाना घेऊन आणि मी टेप घेऊन. पायपट्टी एवढी जवळ, मधला ड्रम मांडीच्या जरा वर, डोक्यावरचा थोडा तुझ्याकडे कललेला, म्हणजे हात उचलावा लागू नये. सगळं झाल्यावर शेपटीवाल्याने तिच्या हातात काठ्या दिल्या, म्हणाला, वाजवा काहीही. ती लाजली, मग एक मारलं, मग आणखी एक, मग पाय हलला, आणि गं, त्या बाईचा चेहरा असा काही उजळला! तिच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, काचेतून वाकून बघायला लागली, तिला हाका मारायला लागली. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पाच मिनिटं थांबा." पाचाची किती झाली कोण जाणे. उठताना ती मला म्हणाली, तुमची बायको कुठे असते? मी म्हटलं लेकीकडे. ती म्हणाली, हे बघितल्यावर कशी राहील तिकडे? मला तिला कोट फुकट शिवून द्यावासा वाटला.

हाताचं म्हणशील, तर मी विचार न करता उडी मारलेली नाही. प्लास्टरवाल्या डॉक्टरांना जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, सावकाश, हलक्या काठीने, दुखलं की थांबायचं, पण कंटाळून टाकून दिलेल्या चेंडूपेक्षा हे कधीही बरं. मग शेपटीवाल्याने एक युक्ती केली. झांजांची जोडी असते ती डावीकडे, आणि एरवी उजवा हात डाव्यावरून ओलांडून तिच्यावर सारखा चालत असतो. त्याने ती खाली घेतली, म्हणजे ते सारखं चालणारं काम तुझा डावा करेल, आणि उजव्याने मधल्या ड्रमवर अधूनमधून एक द्यायचा, मनाला येईल तेव्हा. पायपट्टीची स्प्रिंग सैल केली. काठ्या मी निवडल्या, सगळ्यात हलक्या, आणि उजवीला मुठीजवळ मऊ कातडं शिवलंय, जाड झाली की पकडायला मूठ पूर्ण वळावी लागत नाही. माझं कामही मी मध्ये घुसवलं आहेच. मोठ्या ढोलाच्या पोटात लोक उशी कोंबतात म्हणे आवाज मऊ करायला. मी कोटाच्या खांद्यांचे पॅड एकमेकांना शिवून अशी गादी केलीय की शेपटीवाल्याने आणखी दोन मागितल्यात. खाली जाड सतरंजी, तिच्यावर खडूने प्रत्येक पायाची खूण. गणिताच्या बाईंकडे मी आधीच जाऊन आलो. त्या म्हणाल्या, दुपारी झोपते तेव्हा नको, संध्याकाळी चालेल, पण ताल चुकला तर मी वरून काठी आपटणार, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. म्हणजे तुला शिकवायलाही कुणी तरी मिळालं, आणि चिडवायलाही.

आता पत्र का, ते सांगतो. परवा लेकीने मला बाजूला घेतल्यासारखं करून फोन केला. म्हणाली, आईला आता तिकडे यायचं नाहीये बाबा, हात असा घेऊन ती तुमच्यावर भार होईल असं तिला वाटतं, तर तिचे उरलेले कपडे पाठवून द्या. मी कपाट उघडलं, बॅग काढली, तुझा निळा कोट हँगरवरून उतरवला आणि परत लावून ठेवला. त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी भरभरून बोलायचं ठरवलं होतं, आणि विचारलं काय, तर तिकडे पाऊस आहे का. रोज हेच होतं. जेवलीस का विचारतो, गोळी घेतलीस का विचारतो, आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय. मी कपडे पाठवणार नाही. भार कसला गं, भार तर तू नसण्याचा झालाय, पेलवत नाही मला. वेणी घालायला मी शिकतोय, दुकानातल्या लोकरीच्या लड्यांवर रोज सराव करतो, आता बऱ्यापैकी जमते. हात पूर्वीसारखा झाला नाही तर न होऊ दे. ड्रमला बोटही लावलं नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही, मी त्याच्यावर पँटी वाळत घालीन. पण तू ये. मला तू इथे हवी आहेस, रोज, समोर. रविवारी सकाळच्या गाडीने मी तुला न्यायला येतोय. यायचं नसेल तर तोंडावर सांग, पण मी आधी विचारीन, आणि या वेळी पावसाचं विचारणार नाही.

तुझाच,
मास्तर